२३ रेफरन्स आणि १८८५ चं गॅझेटियर

मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची इथे गरज पण नाही. मार्चमध्ये एमए पार्ट टूची एक मुलगी काउंटरवर आली, हातात स्टेपल केलेली दोन पानं आणि तोंड एवढंसं झालेलं. तिच्या डिझर्टेशनचा विषय १८९७ चा पुण्यातला प्लेग. गाईड सरांनी तिची रेफरन्स लिस्ट वरपासून खालपर्यंत बघितली, रागावले वगैरे नाहीत, फक्त म्हणाले यातला एकेक लेख मला उघडून दाखव, झेरॉक्स असो नाहीतर मोबाईलवर, पण दाखव. लिस्टमध्ये २३ रेफरन्स होते आणि तिला उघडता येत होते ६.

"मॅडम, टूलने दिलेत म्हणजे कुठेतरी असतीलच ना? आपल्याकडे सबस्क्रिप्शन नाही म्हणून दिसत नसतील."

आता हे म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आपल्याकडे निम्म्या गोष्टी पैसे भरलेले नाहीत म्हणूनच दिसत नाहीत, त्यामुळे 'दिसत नाही' आणि 'मुळात नाहीच' यातला फरक पोरांना कळायला काही मार्गच नसतो. तो फरक शोधायला आम्ही तीन दुपारी घालवल्या. त्यात जे सापडलं ते लिहून ठेवते कारण दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये हेच होणार आहे हे मला दिसतंय.

आधी लिस्ट बनली कशी ते. तिने एका एआय सर्च टूलला (नाव घेत नाही, सगळ्यांचंच थोडंफार असंच आहे) सांगितलं की पुण्यातल्या प्लेगवर २० स्कॉलरली सोर्स दे, एपीए फॉरमॅटमध्ये (रेफरन्स लिहायची एक ठरलेली पद्धत). टूलने दिले. मग अजून थोडे मागितले, तेही दिले. मधेच एकदा दिवसाची फुकटची लिमिट संपली म्हणून ती दुसऱ्या साध्या चॅटमध्ये गेली, तिथे सर्च चालूच नव्हतं, तिथूनही काही आणले, आणि सगळे एका वर्ड फाईलमध्ये पेस्ट करून नावाप्रमाणे सॉर्ट केले. सॉर्ट केलं तिथेच खरा घोळ झाला असं माझं मत. कारण सर्च चालू असताना आलेल्या ओळीला एक छोटा नंबर असतो, त्यावर क्लिक केलं की कुठलं तरी पान उघडतं, चुकीचं का असेना पण पान असतं. सर्चशिवाय आलेली ओळ टूलने आठवणीतून रचलेली असते, म्हणजे या विषयात कोणती आडनावं येतात, कोणती जर्नल्स येतात, शीर्षकं साधारण कशी असतात, याचा अंदाज बांधून. दोन्ही ओळी दिसायला सारख्याच. इटॅलिक सारखं, कंस सारखे, आणि वर्डमध्ये पेस्ट करताना ते छोटे नंबर पण उडून गेले.

बरं तिचा टूलवर विश्वास का बसला तेही बघा, ते मला फार महत्त्वाचं वाटलं. तिने सुरुवातीला टूलला घटनेबद्दल विचारलं होतं आणि ती उत्तरं अगदी बरोबर आली होती. एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट ४ फेब्रुवारी १८९७ चा, बरोबर. रँड आणि आयर्स्ट यांच्यावर २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या, बरोबर. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला, तेही बरोबर. राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटपून ते गव्हर्नमेंट हाऊसमधून परतत होते आणि ते गव्हर्नमेंट हाऊस म्हणजे आज विद्यापीठाची मुख्य इमारत, हेसुद्धा टूलने आपणहून सांगितलं. ही पोरगी रोज त्याच रस्त्याने बसने येते, तिला केवढं भारी वाटलं. पण या गोष्टी हजार ठिकाणी लिहिलेल्या आहेत, त्या चुकायला टूलला तेवढं कारणच नाही. एखादा लेख कुठल्या व्हॉल्यूममध्ये कुठल्या पानावर आला हे जगात चार ठिकाणी लिहिलेलं असतं, त्यातली दोन पानं पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, आणि टूल सगळं एकाच ठाम आवाजात सांगतं. पहिल्या प्रकारात कमावलेला विश्वास दुसऱ्या प्रकारात खर्च होतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

पहिल्या दुपारी पेन्सिल घेऊन बसलो. मी तिला म्हटलं आधी नेट उघडूच नको, नुसती लिस्ट वाच आणि कुठे खटकतंय ते सांग. तिला काहीच खटकेना. १७ नंबरवर माझी पेन्सिल थांबली आणि मला हसूच आलं. गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, व्हॉल्यूम १८, पूना, १८८५. तिच्या दुसऱ्या चॅप्टरमध्ये याच्या नावावर लिहिलं होतं की १८९७ मध्ये पेठापेठांतून किती माणसं प्लेगने गेली.

"अगं, साल वाच."

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग "ईईई" असं काहीतरी म्हणाली. प्लेग मुंबईत आला सप्टेंबर १८९६ मध्ये. पुस्तक शंभर टक्के खरं, पुण्याचं गॅझेटियर म्हणजे आपल्याकडचा मोठा ठेवा, तीन भागांत आहे, ऑनलाईन स्कॅन पण मिळतं. फक्त ते प्लेगच्या ११ वर्षं आधी छापलेलं आहे. आणि गंमत म्हणजे गाईडने 'उघडून दाखव' म्हटल्यावर तिला जे ६ उघडता आले होते त्यात हे होतं! म्हणजे उघडतंय एवढ्याने काही सिद्ध होत नाही हे आम्हाला पहिल्या दुपारीच कळलं.

मग तिला एक जुनी ट्रिक दाखवली, याला नेटसुद्धा लागत नाही, बोटांवर होते. एक रेफरन्स होता, प्लेगचे कॅम्प आणि पुण्यातल्या बायका अशा अर्थाचं शीर्षक, मॉडर्न एशियन स्टडीज, व्हॉल्यूम १२, १९९१. हे जर्नल १९६७ ला सुरू झालं, वर्षाला एक व्हॉल्यूम, म्हणजे १९९१ ला व्हॉल्यूम २५ यायला हवा. १२ म्हणजे १९७८. दोघांपैकी एक तरी चुकीचं आहे. आम्ही दोन्ही वर्षांच्या अनुक्रमणिका काढल्या (अनुक्रमणिका फुकट दिसते, लेख उघडत नाही तरी), दोन्हीकडे असला लेख नाही. शीर्षक अवतरणचिन्हात टाकून शोधलं, नाही. लेखकाचं नाव शोधलं तर त्या आडनावाचे दहा लोक, प्लेगवाला एकही नाही. खोडलं. तिला वाईट वाटत होतं कारण तिच्या विषयाला सगळ्यात चपखल बसणारा लेख तोच होता. असणारच की, तिच्या प्रश्नावरूनच तर रचला होता.

दुसरी दुपार डीओआयमध्ये गेली. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा नंबर, १० पासून सुरू होतो, मग टिंब, मग प्रकाशकाचा आकडा, मग तिरकी रेघ आणि पुढचं शेपूट. डीओआय डॉट ऑर्गवर टाकला की लेखाच्या पानावर जातो. मुलांना वाटतं डीओआय आहे म्हणजे पक्कं काम, पण टूलला नंबरसुद्धा रचता येतो की. तिरक्या रेघेच्या आधीचा आकडा बघायची सवय लावली तर बरंच कळतं. १०.१०१७ म्हणजे केंब्रिज, १०.११७७ म्हणजे सेज, १०.१०८० म्हणजे टेलर अँड फ्रान्सिस. (एखादं जर्नल प्रकाशक बदलतं तेव्हा जुने नंबर तसेच राहतात, त्यामुळे हा अगदी ब्रह्मवाक्य नाही.) तिच्या लिस्टमध्ये केंब्रिजच्या जर्नलला सेजचा नंबर लावलेला होता, तो टाकला तर 'सापडत नाही' असं पान आलं. दुसरा एक टाकला तर लेख उघडला, पण शेतीच्या कर्जाबद्दलचा. तिसरा नीट उघडला.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. एक रेफरन्स होता कॅटनाक या लेखकाच्या नावाने, पुण्यातले पुढारी आणि प्लेग अशा अर्थाचं शीर्षक, जर्नल इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्ट्री रिव्ह्यू, साल १९९०. जर्नलच्या १९९० च्या अनुक्रमणिकेत नाही. तोवर तिचा उत्साह असा वाढला होता की ती लगेच खोडायला निघाली. मी म्हटलं थांब, हे नाव मी ऐकलंय. जर्नल आणि साल काढून टाकलं, नुसतं कॅटनाक, पूना, प्लेग एवढंच टाकलं, आणि निघाला: 'पूना पॉलिटिशियन्स अँड द प्लेग', आय. जे. कॅटनाक, साऊथ एशिया नावाचं जर्नल, १९८४. माणूस खरा, लेख खरा, तिच्या विषयाच्या गाभ्याचा, फक्त टूलने त्याला दुसऱ्याच घरी नेऊन बसवलं होतं. तिने तो खोडला असता तर पुण्याच्या प्लेगवरचा इतका नेमका लेख हातचा गेला असता. म्हणून खोट्याला खोटं ठरवायची घाई पण करू नये, आधी लेखकाला त्याच्या बाकीच्या कपड्यांमधून बाहेर काढून एकट्याला शोधावं.

लेख उघडायचा प्रश्न होताच. वन नेशन वन सबस्क्रिप्शन म्हणून केंद्राची योजना आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, पण ती सरकारी संस्थांसाठी, आमच्यासारख्यांनी लांबून बघायची. तिचा मामेभाऊ विद्यापीठात पीएचडी करतो, जयकर लायब्ररीत बसून त्याने लेख काढला आणि ती वाचून आली. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाली, "मॅडम, मी जे त्याच्या नावावर लिहिलंय तसं काही त्यात नाहीये."

हा तिसरा प्रकार, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. रेफरन्स खरा, पण त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य खोटं. प्रशांत किदंबी यांचा एक गाजलेला लेख आहे, अर्बन हिस्ट्री जर्नलमध्ये २००४ साली आलेला, प्लेग, गरीब वस्ती आणि 'जागेचीच लागण' ही तेव्हाची समजूत याबद्दल. शीर्षकातच मुंबई आहे, १८९६ ते १९०५ असं स्पष्ट लिहिलंय. टूलने त्याच्या आधारावर लिहिलं होतं की पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठांमध्ये गरीब वस्त्या कशा वेगळ्या काढल्या. किदंबी बोलतायत मुंबईबद्दल आणि आपण त्यांना भवानी पेठेत फिरवतोय! राजनारायण चंदावरकरांच्या १९९२ च्या निबंधाचं तेच, त्याचा आवाका सगळ्या भारताचा, टूलने तो खास पुण्याचा करून टाकला. का, तर विचारणारीने पुणे विचारलं होतं. दुकानदार जसा गिऱ्हाईकाला पाहिजे तो रंग 'आहे ना' म्हणून सांगतो तसं.

मी यावर थोडा विचार केला कारण तिच्या मावसबहिणीला, ती फार्मसीला आहे, याच टूलने खूप चांगलं काम करून दिलंय. फरक असा दिसतो की ही टूल्स बहुतेक वेळा पूर्ण लेख वाचतच नाहीत, त्यांच्या हाताला लागतो तो ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे लेखाच्या सुरुवातीचा छोटा सारांश. औषधांच्या पेपरमध्ये ॲब्स्ट्रॅक्टमध्येच सगळं असतं, किती पेशंट, काय दिलं, काय निघालं. इतिहासाच्या १९८०-९० च्या लेखांना बऱ्याचदा ॲब्स्ट्रॅक्टच नाही. आणि प्लेगवरचं कितीतरी महत्त्वाचं लिखाण पुस्तकांमधल्या प्रकरणांमध्ये आहे. डेव्हिड आर्नोल्ड यांचा 'टचिंग द बॉडी' हा निबंध सबाल्टर्न स्टडीजच्या पाचव्या खंडात १९८७ ला आला, त्याचा ॲब्स्ट्रॅक्ट कुठून आणणार? मग टूल काय करतं, इतरांनी आर्नोल्डबद्दल जे लिहिलंय त्यावरून आर्नोल्ड काय म्हणाले ते सांगतं. ऐकीव गोष्ट. कधी बरोबर निघते कधी नाही.

अजून एक सापळा सांगते, यात मी स्वतः अडकले. एक रेफरन्स मी खोटा ठरवला होता, पण गूगल स्कॉलरवर (गूगलचं फक्त संशोधनाचे लेख शोधणारं सर्च) टाकला तर चक्क दिसला! दोन मिनिटं मला वाटलं चुकलो आपण. मग नीट बघितलं तर शीर्षकाच्या आधी चौकटी कंसात 'सायटेशन' असं लिहिलेलं आणि क्लिक करायला काही नाही. याचा अर्थ स्कॉलरला तो लेख कुठेच मिळालेला नाही, फक्त दुसऱ्या कोणाच्या तरी रेफरन्स लिस्टमध्ये त्याचं नाव वाचलंय. जुन्या छापील पुस्तकांच्या बाबतीत हे नेहमीचं आणि बरोबरच असतं. पण इथे तो दुसरा पेपर उघडला तर गेल्या वर्षीचाच, आणि त्याची लिस्ट आमच्या लिस्टची जुळी बहीण. म्हणजे कोणीतरी तपासलं नाही, पेपर छापून आला, आणि त्या भुताला आता पत्ता मिळाला.

तिला हेही विचारायचं होतं की प्लेजियरिझम चेकमध्ये हे का नाही पकडलं, तिचा रिपोर्ट तर ७ टक्के आला होता. अगं ते सॉफ्टवेअर सारखेपणा शोधतं. नसलेला लेख कशासारखाच नसतो. आणि रेफरन्सची पानं तर बहुतेक जण वगळूनच रिपोर्ट काढतात. मग म्हणाली यूजीसी केअर लिस्टमध्ये, म्हणजे यूजीसीच्या चांगल्या जर्नल्सच्या यादीत, जर्नल आहे का बघितलं होतं मी. ती लिस्ट फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तिचं काम चालायचं आपल्याच पुणे विद्यापीठातून, पण चालू असती तरी जर्नल चांगलं आहे यावरून त्यात तुझा लेख आहे हे कुठे ठरतं.

शेवटचा हिशोब असा लागला. २३ पैकी ८ जसेच्या तसे बरोबर. ६ वाकडे, म्हणजे लेख खरा पण साल, जर्नल नाहीतर पानं चुकीची, ते सरळ केले. ४ खरे पण त्यात ते वाक्य नाही (गॅझेटियर धरून). आणि ५ नाहीतच. त्या ४ पैकी २ वाचून तिने वेगळ्या ठिकाणी नीट वापरले, २ सोडले. म्हणजे राहिले १६. तिला १६ म्हणजे फार कमी वाटत होते, २० तरी हवेत असं कोणीतरी सांगून ठेवलेलं.

मग तिसऱ्या दुपारी आम्ही टूल पुन्हा उघडलं. मी काही टूलच्या विरोधात नाही, उगाच लांब राहून काय होणार. फक्त विचारायचं वेगळं विचारलं. रेफरन्स मागितलेच नाहीत. विचारलं की या विषयावर लिहिणारे लोक कोणते शब्द वापरतात, तेव्हाच्या सरकारी कागदांमध्ये याला काय म्हणायचे. आणि इथे ते खरंच कामाला आलं. सेग्रिगेशन कॅम्प, हाऊस सर्च, प्लेग कमिटी, इव्हॅक्युएशन, असे शब्द दिले. आणि एक साधी गोष्ट जी आमच्या दोघींच्या डोक्यातच आली नव्हती, की 'पुणे' नको, 'पूना' टाका. ती महिनाभर इंग्रजीत पुणे प्लेग असं शोधत होती आणि त्या काळचे सगळे कागद आणि जुने सगळे लेख पूना म्हणतात! चापेकरांचंही तेच, इंग्रजीत त्यांचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी येतं. हे शब्द घेऊन आम्ही कॅटलॉगमध्ये आणि स्कॉलरवर स्वतः शोधलं. कॅटनाकचा अजून एक निबंध मिळाला, आर्नोल्ड यांनी संपादित केलेल्या १९८८ च्या पुस्तकातला. आर. नेथन यांचा १८९८ चा सरकारी प्लेग रिपोर्ट मिळाला, स्कॅन केलेला, त्यातून तिला आकडे मिळाले जे गॅझेटियरकडून मागत होती.

मराठीचं मात्र टूलकडून काही म्हणता काही मिळालं नाही. केसरीने तेव्हा काय लिहिलं, दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त, हे सगळं देवनागरीत विचारलं तर विकिपीडिया आणि जयंती-पुण्यतिथीचे लेख आले. याला कारणं आहेत. जुन्या मराठी छपाईचे स्कॅन म्हणजे नुसते फोटो, त्यातली अक्षरं मशीनला नीट वाचता येत नाहीत. आणि वीस वर्षांपूर्वी आपण युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जे टाईप केलं त्याची पीडीएफ डोळ्यांना छान मराठी दिसते, पण त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून बघा, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला होतो. टूलला तो कालाच दिसतो. मी तिला आमच्याकडच्या एका पीडीएफमधून करून दाखवलं, 'प्लेग' शब्दाच्या जागी कंस, डॉलर आणि दोन कॅपिटल अक्षरं आली. मजकूर समोर आहे, आपण वाचतोय, आणि जगातल्या कुठल्याच सर्चला तो सापडणार नाही.

सरांना तिने १६ चे १६ उघडून दाखवले, नंतरचे दोन धरून १८. सर म्हणाले ठीक आहे, आणि टिळकांबद्दलचं वाक्य कापायला लावलं. तिने लिहिलं होतं की टिळकांचा सगळ्याच उपायांना विरोध होता. हे टूलचंच वाक्य, त्याला तर रेफरन्सपण नव्हता म्हणून आमच्या तपासणीत ते सुटलंच. टिळकांनी त्या वेळी पुण्यात हिंदू प्लेग हॉस्पिटल काढलं होतं, सगळ्याला विरोध असणारा माणूस हॉस्पिटल कशाला काढेल. तेव्हा आता तिला केसरीचे १८९७ चे अंकच बघायचेत. मी लेटरहेडवर पत्र लिहून दिलंय, प्राचार्यांची सही झाली, शिक्का राहिलाय, ऑफिसातले भाऊसाहेब सोमवारी येणार म्हणे.